सहा माणसं, चार तुकडे आणि एक वाढपी

प्रश्न: ताई, आमचं लग्न डिसेंबरात आहे. दोन्हीकडचे आईवडील आतापर्यंत एकदाच भेटलेत, तेही कांदेपोह्यांवर. म्हणून आम्ही दोघांनी मिळून लोअर परळच्या एका मॉडर्न इंडियन रेस्टॉरंटमध्ये सहा जणांचं टेबल बुक केलंय, येत्या गुरुवारी रात्री साडेनऊचं, तेवढंच मिळालं. मी ऑफिसच्या टीमबरोबर तिथे गेलेय, जेवण भारी आहे, पण सगळं शेअरिंगचं, छोट्या छोट्या प्लेट्स येतात आणि मधे ठेवतात. बाबांना मेनू दाखवला तर म्हणाले, एका प्लेटीत चार तुकडे आणि आपण सहा, दोघांनी काय बघत बसायचं? आईला उष्ट्याचं टेन्शन. होणाऱ्या सासूबाई शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, गुरुवारचा उपास. सासरे मटणाचे शौकीन. बाबांना शुगर. त्यात बाबा म्हणतात आमच्या वडिलांनी जिथे गिरणीत घाम गाळला तिथे जाऊन मी हे चोचले करायचे का. बिल कोणी द्यायचं यावरून तर आत्ताच घरात वाद सुरू झालेत. सगळं कॅन्सल करून सरळ एखाद्या थाळीवाल्याकडे जाऊ का?
गोंधळलेली, ठाणे

उत्तर:

अगं गोंधळलेल्या मुली, तुकडे आणि उष्टं नंतर बघू, आधी वार बघ. टेबल गुरुवारचं हे तूच लिहिलंयस, सासूबाईंना गुरुवारचा उपास हेही तूच लिहिलंयस, आणि मधे तुला काहीच खटकलं नाही म्हणजे तू किती टेन्शनमध्ये आहेस ते कळतंय. त्या काही बोलणार नाहीत बघ, होणाऱ्या सुनेने हौसेने बोलावलंय म्हणून येतील, समोरून पंधरा प्लेट्स जात असताना लिंबूपाणी पीत बसतील, आणि मग पुढची पंचवीस वर्षं दर दिवाळीला ती गोष्ट निघेल. तेव्हा हे वाचून झालं की पहिला फोन रेस्टॉरंटला कर आणि वार बदल.

फोन करतेच आहेस तर वेळही बदलून घे. साडेनऊचं टेबल म्हणजे बसायला पावणेदहा, ऑर्डर जायला दहा आणि पोटात काही भरीव पडायला साडेदहा, आणि मधल्या वेळात तुझे बाबा, ज्यांना शुगर आहे, ते आंबट चेहऱ्याने पापडाचा तुकडा चघळत बसणार, आणि तुला वाटणार की त्यांना जागा आवडली नाही. त्यांना फक्त भूक लागलेली असेल गं. गोळ्यांची वेळ जेवणाशी बांधलेली असते ते वेगळंच, उशीर होणार असेल तर काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. या अशा ठिकाणी रात्रीच्या साधारण दोन पाळ्या असतात, एक सात-साडेसातची आणि एक नऊनंतरची, मुंबईची तरुण मंडळी उशिरा जेवतात म्हणून पहिली पाळी मिळायला सोपी जाते, त्यातून सोमवार ते बुधवार असेल तर आणखीनच सोपी. फक्त टेबल किती वाजता परत द्यावं लागतं ते विचारून घे, म्हणजे ऐन गोडाच्या वेळी कोणी येऊन मागे उभं राहायला नको.

आता थाळीचं. थाळी वाईट नाही, मला स्वतःला फार आवडते, पण या कामाला नको. थाळीवाल्याकडे सात-आठ पोरं पळत असतात, वाटी रिकामी व्हायच्या आत भरतात, बोलायला सवडच मिळत नाही, चाळीस मिनिटांत माणूस हात धुवून बडीशेप चघळत बाहेर. प्रत्येकजण आपापल्या ताटात बघून जेवतो. तुम्हाला तर ज्या दोन घरांनी एकमेकांचे फक्त पोहे खाल्लेत त्यांना दीड-दोन तास एकमेकांशी बोलायला लावायचंय. मधे ठेवलेली प्लेट ते काम आपोआप करते, हे जरा इकडे सरकवा, तुम्ही हे घेतलं का, तिखट आहे का हो फार, अशा फालतू वाक्यांनीच व्याही-विहिणींमधला अवघडलेपणा जातो. म्हणून कॅन्सल करू नकोस.

पण बाबांचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला तू हसण्यावारी नेऊ नकोस. आपल्याकडे ताट म्हणजे एका माणसाची हद्द असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मधे वरणभाताची मूद, आणि त्यात जे जे वाढलंय ते सगळं माझं, त्याला दुसरा हात लावणार नाही आणि मी दुसऱ्याच्या ताटाला लावणार नाही. ज्या माणसाने साठ वर्षं असं जेवलंय त्याच्यासमोर तू एक वितभर प्लेट ठेवतेस आणि म्हणतेस घ्या, मिळून खाऊया, तर त्याला पहिला प्रश्न पडणारच की यातलं माझं किती.

आता मिळून खाणं काही आपल्याला परकं नाही, म्हणजे हे सगळं स्पेनच्या तापासवरून, तिथल्या छोट्या छोट्या प्लेट्सवरून आलं असं कोणी सांगितलं तर अर्धंच खरं धर. मुंबईतच दाऊदी बोहरी घरांमध्ये एका मोठ्या थाळाभोवती आठ-आठ जण बसतात, चिमूटभर मिठाने सुरुवात होते, मग गोड, मग तिखट, आणि सगळे त्याच थाळातून खातात. आपल्याकडचा हुरडा आठव. शेकोटीभोवती सगळे बसलेले, मधे चटणी, गूळ, दही, आणि हात मधे जातायत. पण हुरड्यात एक गोष्ट असते जी या रेस्टॉरंटच्या टेबलावर नसते आणि तिथेच सगळा घोळ होतो. हुरड्यात एक माणूस कणसं भाजून चोळून देणारा असतो. तो बघत असतो कोणाला मिळालं, कोणाला नाही, कोण लाजतंय. पंगतीतही तेच, वाढपी फिरत असतो. या नव्या रेस्टॉरंटांनी पंगत काढली, ताट काढलं आणि वाढपीही काढून टाकला. वेटर येऊन प्लेट मधे ठेवतो, त्यात काय काय आहे ते एका दमात सांगतो, कुठल्या गावची मिरची, कशाच्या लाकडाचा धूर, आणि जातो. मग सहा जण त्या चार तुकड्यांकडे बघत बसतात.

मी हे भोगलंय म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी काकांच्या पंच्याहत्तरीला आम्ही पाच जण अशाच एका झकपक ठिकाणी गेलो, नाव नाही सांगत. पहिलीच प्लेट आली, सहा छोट्या टिक्क्या. पाच जणांनी एकेक घेतली, उरली एक. आणि ती एक टिक्की, खोटं नाही सांगत, वीस मिनिटं तिथे पडून होती. तुम्ही घ्या, नाही नाही तू घे, मला बास, अहो घ्या ना. वेटर दोनदा प्लेट उचलायला आला आणि दोनदा परत गेला कारण त्यात टिक्की होती. पुढच्या प्लेट्सना टेबलावर जागा नाही, त्या तिकडे गार होतायत, आणि आम्ही भिडेखातर उपाशी. शेवटी काकूने ती उचलून काकांच्या प्लेटमध्ये टाकली तेव्हा सगळे सुटलो. घरी येऊन काकांनी साडेअकराला पिठलं-भात खाल्ला आणि म्हणाले जागा छान होती हो, दिवे फार सुंदर होते. तुला कळलं ना काय म्हणायचं होतं त्यांना.

तर माझा सल्ला एवढाच आहे की तुमच्या टेबलावर एक वाढपी नेमा. रेस्टॉरंटने काढून टाकला तर आपण घरून न्यायचा.

आणि तो वाढपी तू नाही व्हायचंस. तुझा होणारा नवरा होईल. हे मी मुद्दाम सांगतेय कारण टेबलावर काही अडलं की सगळ्यात आधी तूच उठशील, चमचा हातात घेशील, सगळ्यांना वाढत बसशील आणि तुझं गार होईल, आणि समोर बसलेल्या दोन्ही आयांना त्यात काही वेगळं वाटणार नाही. पहिल्याच जेवणाला ते चित्र कशाला उभं करायचं? त्याला वाढू दे. तुझ्या बाबांच्या प्लेटमध्ये जावई स्वतः वाढतोय हे बघून बाबांचा अर्धा राग तिथेच जाईल, आणि विहीणबाईंना वाढतोय हे बघून तुझ्या आईला जे वाटेल ते ती तुला घरी आल्यावर सांगेल.

करायचं फारसं काही नाही. प्लेट आली की कोणी हात घालायच्या आत त्याने कोऱ्या चमच्याने प्रत्येकाच्या प्लेटमध्ये पहिला घास वाढायचा, सासूबाईंचं शाकाहारी असेल ते आधी. मग जे उरेल ते मधे, ज्याला हवं तो मागेल. यात आईच्या उष्ट्याचा प्रश्नही निकालात निघतो, कारण उष्टं कुठे होतं, तर आपण कुल्चा हाताने मोडून खातो आणि त्याच हाताने मधला चमचा धरतो, किंवा आपला तोंडात गेलेला काटा मधल्या प्लेटीत जातो. आपल्या आज्यांनी हे कधीच सोडवून ठेवलंय, उष्ट्या हाताने वाढायचं नाही, घ्यायचंच झालं तर डाव्या हाताने डाव धरायचा. तू एवढंच कर की बसल्याबसल्या वेटरला सांग, प्रत्येक प्लेटबरोबर वेगळा सर्व्हिंग स्पून द्या आणि व्हेज-नॉनव्हेजचे चमचे मिसळू देऊ नका. ते काही तोंड वाकडं करत नाहीत, त्यांना सवय आहे. आणि मधे एकदा आमच्या खायच्या प्लेट्स बदला म्हणावं, नाहीतर दह्याच्या चाटेवर मटणाचा रस्सा येतो आणि कशालाच चव राहत नाही.

चार तुकड्यांचं गणित ऑर्डर देतानाच सोडवायचं, प्लेट आल्यावर नाही. प्रत्येक पदार्थाला विचारायचं, यात पीस किती? तीन असतील तर दोन प्लेट घे, चार असतील तर आम्ही सहा आहोत, दोन वाढवून मिळतील का म्हणून विचार, बऱ्याच ठिकाणी तेवढे पैसे लावून देतात. आणि जे मोजून येतं त्यापेक्षा जे चमच्याने घेता येतं ते जास्त मागव, म्हणजे भरीत, चाट, रस्से, भात. चमच्याने वाढायच्या गोष्टीत शेवटचा तुकडा नसतो. हे मला त्या टिक्कीने शिकवलं.

किती मागवायचं? वेटर सांगेल माणशी दोन ते तीन प्लेट्स. अडीच धर, सहा जणांना पंधरा. पण एका दमात पंधराची ऑर्डर देऊ नकोस, या किचनमध्ये जे आधी तयार होतं ते आधी बाहेर येतं, आणि मग कधीकधी पुलाव आधी आणि चाट शेवटी असा प्रकार होतो. आपलं जेवण क्रमाने चालतं ना, आधी वरणभात, मग पोळी-भाजी, शेवटी ताकभात, आणि क्रम चुकला की आपल्या लोकांना जेवल्यासारखंच वाटत नाही. म्हणून सहा-सात छोट्या प्लेट्स आधी सांग, त्या अर्ध्या संपल्या की पुढच्या, आणि स्पष्ट सांग की रस्सा, रोट्या आणि भात एकत्र आले पाहिजेत. बाबांसाठी काहीतरी भाजलेलं, ग्रिल केलेलं, पनीर किंवा मासा, अगदी पहिल्या फेरीत येऊ दे, कारण या मेनूवर सुरुवातीला येतं ते बरंचसं तळलेलं किंवा मैद्याचं असतं, पाव, कुल्चे, टाको, आणि चटण्याही गोडसर.

सासूबाईंचं मात्र फोनवरच पक्कं करून टाक, टेबलावर बसून नको. मेनूवरचा हिरवा ठिपका म्हणजे मांस, मासे, अंडं नाही एवढंच, कांदा-लसणाबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. आणि या किचनमध्ये ग्रेव्ह्यांचा बेस सकाळीच करून ठेवलेला असतो, त्यातून रात्री आठला कांदा काढता येत नाही, वेटर कितीही गोड हसून हो म्हणाला तरी. आदल्या दिवशी सांगितलंस तर शेफ वेगळं काही करून ठेवतो. इथे लोक हमखास एक चूक करतात, सोपं पडतं म्हणून जैन सांगतात. मुंबईत जैन म्हटलं की किचनला लगेच कळतं हे खरं, पण मग बटाटा, रताळं, गाजर सगळंच जातं आणि सासूबाईंना आवडत असलेलं अर्धं जेवण विनाकारण बाद होतं. नुसतं सांग, कांदा नको, लसूण नको, बटाटा चालेल. आणि वांग्याचं त्यांना विचार, कारण पुष्कळ घरांत कांदेनवमीला भजी चापून झाली की चातुर्मासभर कांदा-लसणाबरोबर वांगंही बंद असतं, आणि हल्ली या सगळ्या मेनूंवर स्मोक्ड वांग्याचं काहीतरी असतंच असतं. कढई आणि तंदूर वेगळा नसेल तर त्यांना चालणार आहे की नाही तेही तुझ्या त्याला विचारू दे, आई त्याची आहे. सासऱ्यांचं मटण बिनधास्त मागव, फक्त टेबलाच्या त्यांच्या टोकाला ठेवायला सांग.

मेनू बघून मोठी माणसं बिचकतात ते किमतीला बिचकतात असं आपल्याला वाटतं, पण मला वाटतं ते शब्दांना बिचकतात. ठेचा बटर, कोकम फोम, लोणच्याचं जेल. जो ठेचा घरी खलबत्त्यात रोज होतो त्याच्यापुढे बटर लागलं की तो माणसाला परका होतो. त्यात वेटर येऊन विचारणार, आधी आला होतात का आमच्याकडे, मी तुम्हाला आमचा कन्सेप्ट समजावू का. बाबा म्हणतील जेवणाचा कन्सेप्ट मला माहितीये. तेव्हा ते भाषण तुम्ही दोघांनीच हसत हसत थांबवा, आणि मोठ्यांच्या हातात मेनू देऊन काय हवं ते सांगा असं म्हणू नका, त्यांना तो पेपर वाटतो. तुम्ही आधीच बघून ठेवा आणि त्यांना फक्त एवढं विचारा, मासा चालेल ना, तिखट चालेल ना. थोडी माहिती गप्पांपुरती असू दे. दिल्लीत २००९ साली इंडियन अ‍ॅक्सेंट नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं आणि आपलंच जेवण नव्या पद्धतीने मांडायची ही लाट जोरात आली, मुंबईत २०१५ला लोअर परळच्याच कमला मिल्समध्ये बॉम्बे कॅन्टीन आलं, आणि मग तो सगळा परिसर असल्या जागांनी भरून गेला. मेनूवर एग्ज केजरीवाल दिसलं तर सासरे राजकारणावर घसरतील, त्यांना सांग की याचा त्या केजरीवालांशी संबंध नाही, मुंबईच्या विलिंग्डन क्लबमध्ये एक केजरीवाल नावाचे सदस्य होते त्यांच्यावरून नाव पडलंय, टोस्टवर चीज, मिरची आणि वर अंडं, बाकी काही नाही.

आणि बाबांची ती गिरणीची गोष्ट. तू ती तक्रार म्हणून लिहिलीयस, मला ती तक्रार वाटत नाही. तुझ्या आजोबांनी जिथे घाम गाळला ती जागा आता दिव्यांनी लखलखतेय, १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मग गिरण्या पुन्हा कधी पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत, हे बाबांनी लहानपणी किंवा तरुणपणी घरात बसून बघितलेलं असणार. त्यांना तिथे बसून चार तुकड्यांचे सातशे रुपये देताना काहीतरी होणारच. तो विषय टाळू नकोस, उलट टेबलावर तूच काढ, पहिल्या फेरीनंतर, पोट जरा शांत झाल्यावर. बाबा, आजोबा कुठल्या खात्यात होते, जेवायचे कुठे? गिरणगावात तेव्हा खानावळी होत्या, गावाहून एकटे आलेले कामगार महिन्याचे पैसे देऊन जेवायचे, आणि त्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांना सावकारांच्या कचाट्यातून काढायला प्रेमा पुरव यांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ही सगळी त्याच दोन-तीन किलोमीटरातली गोष्ट आहे. सासरे नाशिकचे असोत की नागपूरचे, ते ऐकतील. तुला हव्या होत्या त्या गप्पा याच. मेनूवरच्या मिरचीच्या गावापेक्षा आजोबांच्या डब्यात काय असायचं हे ऐकायला मला तरी जास्त आवडेल.

पैशाचं आता पटापट सांगते. बसल्याबसल्या विचारतील पाणी स्टिल की स्पार्कलिंग, तिथे गडबडून मान हलवलीस तर सहा जणांना तीन-चार बाटल्या होतात, आणि बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर भांडायला जाऊ नकोस, हॉटेलात बसून पिण्यासाठी ते तसं घेऊ शकतात असं सुप्रीम कोर्टानेच डिसेंबर २०१७मध्ये सांगितलंय. साधं पाणी द्या म्हण, फिल्टरचं मिळतं. जेवणावर जीएसटी ५ टक्के, पण मोठ्या हॉटेलच्या आतलं रेस्टॉरंट असेल आणि तिथल्या खोलीचं भाडं साडेसात हजारांवर असेल तर १८ टक्के, आणि कोणी ड्रिंक घेतलं तर दारूला जीएसटी नाही, तिचा व्हॅट वेगळा लागतो. उदाहरणापुरतं धर की पंधरा प्लेट्स सरासरी सातशेच्या, म्हणजे १०,५००, गोड तीन दीड हजारांचे, सरबतं-मॉकटेल्स अठराशेची, एकूण १३,८००, त्यावर ५ टक्के म्हणजे १४,४९०. पण त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज टाकला, आणि त्या चार्जवरही जीएसटी लागला, तर तेच १५,९३९. फरक जवळपास दीड हजाराचा. हा चार्ज सक्तीचा नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला नियमावली काढली आणि दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ला ती उचलून धरली, रेस्टॉरंटने तो आपोआप बिलात टाकायचा नाही, तुम्ही काढा म्हणू शकता, नाही ऐकलं तर १९१५ हेल्पलाइन आहे. पण हे सगळं व्याह्यांसमोर करायचं नाही गं! मॅनेजरशी हुज्जत घालणारी सून, किंवा बाबांनी चष्मा लावून मोठ्याने बिल वाचायला घेणं, दोन्ही नको. फोनवरच विचार, सर्व्हिस चार्ज लावता का, आम्हाला नकोय, आम्ही टिप स्वतः देऊ. आणि मग टिप खरंच द्या, वेगळे चमचे आणि बदललेल्या प्लेट्स त्या पोरांनी आणून दिलेल्या असतात.

बिल कोणी द्यायचं? यात वाद कसला, बोलावलं कोणी? तुम्ही दोघांनी. तर तुम्ही दोघांनीच द्यायचं, निम्मं-निम्मं, आधी ठरवून. दोन्ही बाबा खिशात हात घालणार हे गृहीत धर, त्यांच्या पिढीला दुसऱ्याने दिलेलं पचत नाही, आणि बिलाचं पाकीट टेबलावर आलं की जी ओढाओढी होते ती मी लग्नघरांत बघितलीय, एकदा तर सोलकढी सांडली होती. म्हणून ते पाकीट टेबलावर येऊच द्यायचं नाही. गोड सांगून झालं की तुझ्या त्याने हात धुवायला म्हणून उठायचं, काउंटरवर जाऊन बिल तपासायचं, यूपीआय करायचं आणि परत येऊन बसायचं. कोणी विचारलं तर झालं म्हणायचं. बाबा चिडतील थोडे. त्यांना सांग पुढचं जेवण तुमच्याकडून, आमच्या घरी, ताटात.

गोडाचं विचारलं नाहीस तरी सांगते, दोघांत एक मागव, आणि बाबांना दोन चमचे खाऊ दे, त्यांच्याकडे सगळ्यांनी मिळून बघत बसू नका.

उरलं एवढंच की लोअर परळहून ठाण्याला पोचेपर्यंत दहा-साडेदहा होतील आणि तुझे बाबा गाडीत मुलुंडपर्यंत आल्यावर विचारतील घरी काही आहे का. निघायच्या आधी कुकर लावून ठेव, मुगाचं वरण आणि वाटीभर भात. नाही लागला तर सकाळी फोडणीचा कर.